ती दोन पिनांची वायर कापलीत, त्याबद्दल

वायरमनदादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायचं फार दिवस राहून गेलं होतं. परवा चेंजओव्हरवरची, म्हणजे घराला लाइनची वीज द्यायची की जनरेटरची ते बदलणाऱ्या स्विचवरची, जळमटं काढताना तुम्ही तेलरंगाने लिहिलेली अक्षरं दिसली, 'लाइन' आणि 'जनरेटर', आणि मी लगेच लिहायला बसले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, विहिरीत पाणी असून प्यायला थेंब नाही. कसाबसा 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर मिळाला. सोबत कुणीतरी दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून दिली. एक टोक जनरेटरला, दुसरं पडवीतल्या सॉकेटमध्ये. घरात उजेड आला आणि आम्ही खूश झालो.

तुम्ही ती वायर बघितलीत, जनरेटर बंद केलात आणि पकडीने वायरच कापून टाकलीत. मी चिडले होते, आठवतं? तुम्ही शांतपणे सांगितलंत, "वहिनी, एक दिवस मेन स्विच पाडायला विसरलात, की तुमचे 230 व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणार. तारा तुटून डीपीवर तुमच्यासारखी दोन-चारच घरं उरली असली, तर पलीकडच्या तारेवर त्याचे 11,000 च्या घरात होतात. खांबावरच्या पोराला वाटतं, लाइन मेलेली आहे." सॉकेटमधून निघालेल्या, वीज असलेल्या पिनेला नातवाचा हात लागला असता, हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग भर पावसात तुम्ही दोन पोलचा चेंजओव्हर बसवलात, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, मध्ये बंद. दोन्ही वीज एकत्र येणं शक्यच नाही. जनरेटर पडवीतून अंगणात, खिडक्यांपासून लांब नेलात, कारण त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. अर्थिंगची सळई ठोकलीत. 3 केव्हीए म्हणजे जेमतेम 13 अँपिअर, आणि 1 एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून आधी पंप, टाकी भरली की तो बंद, मग फ्रिज, हा क्रम माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलात. तो मी आजही पाळते. तौक्ते वादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, घरात एकटी असताना सगळं माझं मीच केलं.

दादा, त्या जूनमध्ये बाहेरच्या जिल्ह्यांतून लाइनमन आले होते. आमच्या खांबाशी आलेला मुलगा माझ्या धाकट्याच्या वयाचा. जनरेटरचा आवाज ऐकून त्याने विचारलं, "चेंजओव्हर आहे ना, काकू?" मी आहे म्हटलं. तरी तो आत आला, दांडा कुठे आहे ते स्वतः बघितलं, आणि मगच खांबावर चढला.

तुमची,
वाडीतली वहिनी