चहा कधी येतो, हे बसून बघणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

तुम्ही आमच्या फाउंड्रीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त होऊन धारवाडला लेकीकडे निघालात, त्या दिवशी गेटवर शाल-हार झाले, कुंदा वाटला, फोटो निघाले. मी मागच्या मागं उभा होतो. तुमच्याबद्दल बोलायचं तर आधी माझी चूक सांगावी लागली असती, आणि तेवढ्या लोकांत ती सांगवेना. म्हणून आता लिहितोय, आणि उघडच लिहितोय. बेळगावच्या कारखान्यांत, उद्यमबागेत काय नि मच्छेत काय, माझ्यासारखे सुपरवायझर ढिगानं आहेत. वाचू देत.

मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करून त्यात लोखंड ओतणाऱ्या पोरांची तक्रार चहाची होती. "चहा बेकार हाय." याच्यापुढे एक अक्षर नाही. मी ठेकेदाराला झापलं, पावडर बदलायला लावली, दूध वाढवायला लावलं, शेवटी ठेकेदारच बदलला. तरी पालुपद तेच. मशीन शॉपवाले तोच चहा मिटक्या मारत पीत होते, म्हणून मी मनात ठरवूनच टाकलं, की या पोरांना कुरकुरायची सवयच आहे.

पेटी होती म्हणा. गेटजवळ, मॅनेजरांच्या काचेच्या केबिनसमोर. वर कन्नडमध्ये 'दूरु पेट्टिगे'. दूरु म्हणजे तक्रार, पण खानापूर-येळ्ळूरकडची आमची पोरं तिला 'दूरची पेटी' म्हणायची. तुम्हीच एकदा हसत सांगितलं होतं, की कन्नडमध्ये 'तकरारु' म्हटलं की माणसाच्या डोक्यात आधी वाद येतो. म्हणजे पोरगा मराठीत साधं 'तक्रार आहे' म्हणणार आणि साहेबांच्या कानावर भांडण पडणार! पेटी उघडली तेव्हा आत निघाल्या दोन चिठ्ठ्या आणि गुटख्याची एक रिकामी पुडी.

तुम्ही कुणाला केबिनमध्ये बोलावलं नाहीत. टाइम ऑफिसातून उठून चार वाजता मोल्डिंगला आलात आणि एक जुनी कोअर बॉक्स, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे पाडायची पेटी, पालथी घालून तिच्यावर बसलात. साडीला काळी वाळू लागत होती. कुणाला काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीत आणि वाळूच्या ढिगाशेजारी ठेवलेला एक ग्लास दाखवलात. चहावर साय धरलेली, सायीवर मोल्डिंगच्या वाळूचा काळा थर. "ह्यो तुमीच प्या बघू," म्हणालात.

चहा चारला यायचा आणि ओतकाम पावणेचारला सुरू व्हायचं. भट्टीतून बाहेर पडलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, रेंगाळलं की थंडावतं आणि साच्यात नीट धावत नाही, कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वाया जातं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, वीस वर्षं तेच करतोय. पण ओतणारा माणूस लॅडल सोडून चहाला कसा जाईल, हे त्या वीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, सुटलो, चहाची वेळ बदलू. तुम्ही उठला नाहीत. एका पोराला विचारलंत, "ओतून झाल्यावर का पीत न्हाईस?" तो म्हणाला, "तवा खानापूरची गाडी जाती की." मग "काल किती वाजले?" मग "परवा?" असं करत करत निघालं, की पाचला सुटी असून ओतकाम रोज पाच चाळीसपर्यंत लांबतंय आणि ती चाळीस मिनिटं कुठंच लिहिलेली नाहीत.

ती लिहिली नव्हती, कारण लिहिणारा मी होतो. तासाच्या खालचा ओव्हरटाइम धरायचा नाही, असं वरून तोंडी सांगितलेलं. पण रजिस्टरवर सही माझी. पोरं माझ्याकडे चहाचीच तक्रार घेऊन येणार, दुसरं काय करणार? चहाबद्दल बोललं तर कुणाचा रोजगार जात नाही.

तुम्ही रजिस्टर पालथं केलंत आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मांडलंत. साडेआठ ते पाच, जेवणाची अर्धा तास सुटी, म्हणजे रोजचे आठ तास, आठवड्याचे ४८. वर रोज चाळीस मिनिटं, सहा दिवसांचे चार तास. दिवसाचे नऊ होत नाहीत म्हणून मी निर्धास्त होतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ४८ च्या वर गेलेल्या कामालाही दुप्पट दर होता, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. 'ही कुणाची सही?' असं मात्र पोरांसमोर विचारलं नाहीत. त्याबद्दल हे पत्र, अक्का. बाकीचं आपोआप आलं.

तक्रार निवारण समिती आमच्याकडे फाइलमध्ये होतीच. वीस किंवा जास्त कामगार असले की ती हवी आणि तिच्यात दोन्हीकडचे सभासद सारखे हवेत, हे औद्योगिक विवाद कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनं आलेलं. आमच्या एका सभासदाला आपण सभासद आहोत हेच ठाऊक नव्हतं! तुम्ही ती बसवलीत, कोअर शॉपमधल्या एका बाईंना आत घेतलंत आणि पहिल्या बैठकीचा कागद कन्नड-मराठी दोन्हींत लिहिलात. मोल्डिंगचा चहा साडेतीनला आला. मिनिटं लिहायला लागलो. मागची बाकी मात्र मालकांनी तीनच महिन्यांची दिली. तुम्ही वर्षाची मागत होता, ते राहिलं, आणि त्याची चुटपुट तुम्हाला शेवटपर्यंत होती, मला माहीत आहे.

आता त्या समितीत मी बसतो. काल फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा, एक पोरगा आला, हातमोजे लहान येतात म्हणून. सवयीनं स्टोअरला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत ठेवला. त्याला विचारलं, "कधीपासून?" तो खाली बघत राहिला. उद्या जेवणाच्या सुटीत डबा घेऊन तिकडेच बसणार आहे.

तुमचा,
मोल्डिंगचा सुपरवायझर