उपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या नकोत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘अँटिऑक्सिडंटयुक्त, कर्करोगाशी लढण्याचे बळ देणाऱ्या’ चूर्णांच्या आणि कॅप्सूलच्या जाहिराती सातत्याने येत असतात. धडधाकट माणसाने त्यावर पैसे घालवले तर एक वेळ सोडून देता येईल. पण रेडिएशन किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने त्या वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू केल्या तर उपचारालाच बाधा येऊ शकते, हे औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या व्यक्तीला लिहिल्यावाचून राहवत नाही.

कर्करोगाची पेशी भराभर वाढत असल्यामुळे तिच्या आत डीएनएची आणि प्रथिनांची मोडतोड करणारी, ऑक्सिजनपासून बनलेली घातक द्रव्ये मुळातच जास्त साचतात. हा ताण सोसून तग धरण्याची तजवीजही ती करून ठेवते. घातक द्रव्ये निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट ती मुबलक बनवते, आणि असा बचाव चालू करणारे, निरोगी पेशीत गरजेपुरतेच सक्रिय होणारे एनआरएफ-२ हे प्रथिन फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत जनुकीय बदलांमुळे अखंड काम करत राहते. रेडिएशन आणि केमोथेरपीतील कित्येक औषधे नेमका हाच ताण पेशीला सोसवणार नाही इतका वाढवतात. किरणांनी केलेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. म्हणूनच गाठीच्या ज्या भागात तो जवळजवळ पोचतच नाही, तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. अशा वेळी बाहेरून अँटिऑक्सिडंटचा भरणा करणे म्हणजे वेढा घातलेल्या किल्ल्यात आपणच रसद पोचवण्यासारखे आहे.

हा केवळ तर्क नाही. कॅनडातील क्विबेक प्रांतात डोके व मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना व्हिटॅमिन-ई व सुरुवातीला काहींना सोबत बीटा-कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट दिली होती. रेडिएशनचा त्रास त्या गटात कमी झाला खरा, परंतु गोळ्या चालू असेपर्यंत आजार उलटण्याचे किंवा दुसरा नवा कर्करोग होण्याचे प्रमाण त्याच गटात अधिक निघाले. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला होता.

क्विबेकमधील ‘त्रास कमी झाला’ ही बाब मला सर्वांत चिंतेची वाटते, कारण मोह तिथेच पडतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ जिभेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेत आहेत. तोंड सोलवटलेले, मऊ वरणभातही गिळवत नाही. त्यांच्या दवाखान्याच्या पिशवीत फाइलच्या मागे व्हिटॅमिन-ईच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काची डबी दिसली. डॉक्टरांच्या कानावर घातले का, असे विचारताच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ताकदीचंच आहे, त्यात काय विचारायचं?” त्या माउलीला दोष कसा द्यावा? तिने जाहिरातीवर विश्वास ठेवला होता.

ग्रीन टीच्या अर्काचीही एक वेगळीच बाब आहे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी प्रचंड प्रमाणात प्रथिने तयार करतात. बोर्टेझोमिब हे औषध त्यातील टाकाऊ प्रथिनांचा निचरा अडवून त्या पेशींचा कोंडमारा करते. ग्रीन टीतील ईजीसीजी हा घटक थेट बोर्टेझोमिबलाच चिकटून त्याला निकामी करतो, असे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसून आले आहे.

रोजच्या जेवणातील फळे, पालेभाज्या किंवा चवीपुरता आवळा यांविषयी माझे काही म्हणणे नाही, आणि रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्व तर घ्यायलाच हवे. माझा आक्षेप आहे तो गोळ्या-चुर्णांतून परस्पर घेतलेल्या मोठ्या मात्रेला. म्हणून आपल्याला विनंती आहे, की अशा जाहिराती छापायच्याच असतील तर ‘कर्करोगावर उपचार चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये’ ही ओळ ठळक अक्षरांत छापण्याची अट जाहिरातदारांना घालावी. रुग्णालयांनीही प्रत्येक केमोआधी ‘याखेरीज आणखी काय घेता?’ हा प्रश्न रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकाला न रागावता विचारावा आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे.

आपली विश्वासू,
औषधशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पुणे