मनूला, जामनगरच्या पत्त्यावर

दिवा गाव, ऐरोली

चि. मनू,

तुझा मांडीभर चिखलातला फोटो पिंट्यानं दाखवला. सगळे म्हणाले, बघा कशी हसतेय. मी मात्र फोटोत दुसरं माणूस शोधत होते. फोटो काढणारं कुणीतरी असणारच, पण ते किती लांब उभं होतं? फोनवर विचारलं की तू "हो गं, हो गं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. पिंट्या याचे फोटो काढून तुला पाठवील.

खाडीवर पक्षी कोणते आहेत, हे तू विचारलंस ते आधी सांगते. रोहिण्या लागल्या, वळवाच्या सरी येऊन गेल्या, तरी रोहित, म्हणजे तुझे फ्लेमिंगो, आहेत अजून. बरेच गेले. पुलाच्या अलीकडे ओहोटीला बसणाऱ्या थव्यात आता राखाडीच जास्त, गुलाबी रंग न चढलेली पोरं. तुझ्या वहीतले तुतवार पक्षी एकही नाहीत. चातक आलाय, शाळेमागच्या तारेवर बसतो, डोक्यावर तुरा. सुगरणींनी बाभळीवर काम काढलंय. आणि कोल्हा दिसला! पहाटे जेट्टीकडे गेले होते, तर तिवरांतून सरळ बाहेर आला, टाकलेली मासळी हुंगली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पसंत न पडल्यासारखा परत आत गेला. मामा म्हणतो कुत्रं असेल. मला काय कोल्हा आणि कुत्रं कळत नाही?

अमावास्येला उधाण मोठं होतं, पाणी बांधाला लागलं. तिथलं पाणी आपल्यापेक्षा जास्त चढतं, हे तूच सांगितलंस. मग तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, यावर विसंबू नकोस. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती, हे गणित आपल्या खाडीचं. तिथल्या मच्छीमारांना विचारून मगच उतर. एकटी तर उतरूच नकोस. पाय रुतला तर ओढायचा नाही, आडवं व्हायचं, अंगाचा भार पसरायचा. पाणी असेल तिथं पाय घासत चालायचं, काटेवाली पाखट मासळी असली तर निघून जाते. कालवांच्या खडकावर चपला काढायच्या नाहीत.

बघ, मी परत शाळा घ्यायला लागले. तुला हे सगळं येतं. माझ्याबरोबर निवट्या, चिखलातले मासे, धरायला यायचीस तेव्हा हात बिळात घालायच्या आधी कडेचा चिखल दाबून बघायचीस, ते मी कधी शिकवलं नव्हतं. रागावू नकोस.

२०१५ला आपल्या ठाण्याच्या खाडीत रोहितांचं अभयारण्य झालं तेव्हा तू सातवीत होतीस. अख्खं गाव तणतणत होतं, आता खाडीत जाळं टाकू देतील की नाही म्हणून, आणि तू त्या साहेबांच्या मागे मागे, दुर्बीण द्या ना म्हणत. मला लाज वाटली होती. २०२२ला रामसरमध्ये, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आपल्या खाडीचं नाव लागलं, तेव्हा रामसर म्हणजे काय ते तू मला समजावलंस आणि मी बाजारात टोपलीवर बसून गिऱ्हाईकांना. पापलेट घेणाऱ्या बाईंना काय त्याचं! पण मी सांगितलं.

त्याच वर्षी बीएनएचएसवाल्यांनी, त्या मुंबईच्या पक्षी-प्राणी अभ्यासणाऱ्या संस्थेनं, सहा रोहितांवर ते कुठं जातात हे कळवणारी यंत्रं बसवली होती. त्यातला हुमायून नावाचा रोहित भावनगरला गेला आणि पुन्हा ठाण्याच्या खाडीत आला, हे तू जेवताना सांगत होतीस, बांगडा तसाच ताटात. आता तूही गुजरातेतच. मी काही म्हणत नाही. घाटकोपरला विमानाला धडकून ३९ रोहित मेले, २०२४च्या मेमध्ये, तेव्हा तू धड जेवत नव्हतीस आणि आत्या म्हणाली होती, पोरगी पक्ष्यांपायी वेडी होणार. तुझ्या पहिल्या पगाराचा मेसेज मी तिला मुद्दाम दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला.

बाबा विचारतात म्हणून लिहिते (ते स्वतः विचारणार नाहीत), काम सहा महिन्यांचंच आहे का? पुढं काय? त्यावर मी त्यांना गप्प केलं. मला पुढचं नाही गं, संध्याकाळचं वाटतं. काळोख पडला, पाणी भरायला लागलं आणि तुझा फोन बंद, की मी भाकरी थापता थापता थांबते. तू म्हणतेस रेंज नसते. नसेल.

सुका जवळा आणि सोडे मावशीच्या नणंदेबरोबर पाठवलेत, ती राजकोटपर्यंत येतेय. डबा उन्हात ठेवू नकोस. ताईची हळद लग्नाच्या आदल्या रात्रीच आहे, रजा आत्ताच मागून ठेव.

आणि तुझ्याबरोबर चिखलात उतरणाऱ्या कुणाचा तरी नंबर पाठव. मुलगी असो, मुलगा असो, मी काही विचारणार नाही. रोज फोन करणार नाही. तुझा लागला नाही तरच करीन.

तुझी,
आई