नाव लपवून विकलेली खोली आणि नागपूरला जाणारा रुग्ण

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बोली लावून किंवा हॉटेलचे नाव न पाहताच पैसे भरून खोली निम्म्या दरात मिळवण्याच्या युक्त्या हल्ली मोबाइलवर सर्रास फिरत असतात आणि आमच्या भागातील तरुण मंडळी त्या हौसेने करून पाहतात. सवलत खरी असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ही पद्धत ज्या प्रवाशासाठी निघाली तो प्रवासी वेगळा आणि यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून नागपूरला जाणारा माणूस वेगळा. हा फरक पैसे भरण्यापूर्वीच लोकांच्या ध्यानात यावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेत प्राइसलाइन या कंपनीने १९९८ पासून ही पद्धत रूढ केली. ग्राहकाने शहराचा भाग, हॉटेलची श्रेणी आणि तारखा निवडायच्या, आपल्याला परवडेल ती रक्कम सांगायची आणि कार्डाचा क्रमांक आधीच देऊन ठेवायचा. एखाद्या हॉटेलाला ती रक्कम मान्य झाली की पैसे तत्काळ वळते होत आणि हॉटेलचे नाव त्यानंतरच कळे. बोली फेटाळली गेली, तर तीच मागणी लगेच पुन्हा करता येत नसे. शहराचा आणखी एखादा भाग जोडावा लागे किंवा श्रेणी बदलावी लागे. हॉटवायरसारख्या संकेतस्थळांनी बोली काढून टाकली आणि दर स्वतःच जाहीर केला, नाव मात्र झाकूनच ठेवले. प्राइसलाइनने विमान तिकिटांची बोली २०१६ मध्ये बंद केली आणि पुढे हॉटेलांची बोलीही मागे पडली. तरीही नाव लपवून सवलत देण्याचा प्रकार टिकला असून ‘सीक्रेट डील’सारख्या रूपांत तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

हॉटेलवाले हे का करतात, तेही समजून घेतले पाहिजे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, त्यामुळे साफसफाई आणि विजेचा खर्च निघून चार पैसे उरत असतील तर मिळेल तो दर फायद्याचाच असतो. मात्र हा दर उघडपणे लावला, तर पूर्ण पैसे भरणारे नेहमीचे ग्राहकही तोच मागतील. म्हणून नाव झाकायचे, रद्द करण्याची मुभा काढून घ्यायची आणि त्या बदल्यात सूट द्यायची, असा हा व्यवहार आहे. आम्ही बाजार समितीत तूर नेतो तेव्हा व्यापारी आधी दाणे हातात घेऊन पाहतो, मग सर्वांसमक्ष हर्रास होतो आणि भाव पटला नाही तर शेतकरी आपला माल परत नेऊ शकतो. इथे ग्राहक माल न पाहता पैसे भरतो, समोरचा किती रुपयांपर्यंत उतरायला तयार होता ते त्याला कधीच कळत नाही आणि एकदा होकार आला की मागे फिरता येत नाही.

सहलीला जाणाऱ्यास हे चालून जाईल. आमच्या खेड्यांतील बहुतेक लोक नागपुरात मुक्काम करतात तो दवाखान्यासाठी, नाहीतर परीक्षा किंवा कोर्टाच्या तारखेसाठी, आणि या तिन्ही तारखा आपल्या हातात नसतात. आमच्याच गावातील एका बाईंची केमोथेरपी नागपुरात सुरू होती. सेवा केंद्रातील मुलाने स्वस्त पाहून नाव झाकलेली खोली घेऊन दिली. आदल्या दिवशीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या आणि डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. खोलीचे पैसे तर परत मिळालेच नाहीत, शिवाय ते कुटुंब रात्रीपुरते तिथे गेले तेव्हा खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दर दोघांचा असल्यामुळे सोबतच्या मुलाच्या गादीचे वेगळे पैसे मागण्यात आले. काउंटरवरच्या माणसाने मोबाइलवरील बारीक अक्षरांतील ओळ बोटाने दाखवली. ती ओळ तिथे होती, हे खरे. पण ती बाईंच्या मुलाने पाहिलेलीच नव्हती, कारण मोबाइल सेवा केंद्रातील मुलाच्या हातात होता.

अंतराचा प्रश्नही लहान नाही. एम्स रुग्णालय मिहान भागात आहे, मेयो रुग्णालय रेल्वे स्थानकाजवळ आहे आणि जामठ्याचे कर्करोग रुग्णालय वर्धा मार्गावर शहराबाहेर आहे. ‘नागपूर’ एवढेच वाचून घेतलेली स्वस्त खोली भलत्या टोकाला निघाली, तर वाचलेले पैसे ऑटोत जातात आणि रुग्णाचे हाल होतात ते वेगळेच. संकेतस्थळावर दिसणारे तारे आणि पर्यटन मंत्रालयाचे अधिकृत वर्गीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही फार थोड्यांना माहीत असते.

सहलीसाठी खोली घ्यायची असेल, तर हंगाम पाहून घ्यावी. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचे गाभाक्षेत्र बंद असते, तेव्हा तिथल्या रिसॉर्टांकडे खोल्या रिकाम्या असतात. चिखलदऱ्यात नेमक्या त्याच दिवसांत गर्दी असते आणि नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या काळात स्वस्त खोलीची आशाच नको. शिवाय त्याच लॉजला थेट फोन करून भाव विचारायला आपण का लाजतो? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो या ऑनलाइन खोल्या आरक्षित करून देणाऱ्या कंपन्यांना २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला, त्यामागे हॉटेलांना इतरत्र कमी दर देण्यापासून रोखणाऱ्या अटी हे एक प्रमुख कारण होते आणि त्या अटी बदलण्याचे आदेशही आयोगाने दिले. फोनवर बोलताना लिफ्ट आहे का, तळमजल्याची खोली मिळेल का, तारीख पुढे गेली तर काय, हे सारे विचारता येते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तो धरूनच एकूण रक्कम विचारावी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन युक्त्यांबाबत मार्गदर्शक सूचना जारी केल्या. पैसे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत शुल्क दडवणे आणि ‘एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई करणे हे प्रकार त्यांत स्पष्टपणे नोंदवले आहेत. असे घडल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परंतु पैसे परत मिळणार नाहीत ही अट ठळक मराठीत, पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच दाखवण्याची सक्ती झाली पाहिजे आणि रुग्णालयाचे पत्र दाखवल्यास एकदा तारीख बदलून मिळाली पाहिजे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणांनीही पैसे भरण्याआधी ती अट समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

आपल्याकडेही एक विनंती आहे. नागपूर आणि सेवाग्राम येथील मोठ्या रुग्णालयांजवळच्या धर्मशाळा व रुग्णनिवासांचे पत्ते, दर आणि दूरध्वनी क्रमांक पडताळून आपल्या जिल्हा पुरवणीत दर महिन्याला छापावेत. ते कात्रण आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नम्र,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ