आमच्या हसण्याची जाहिरात करू नका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: कोथरूड येथील स्वयंपाकघराच्या कामातील त्रुटी, झालेला उशीर आणि आमच्या कुटुंबाचा परवानगीशिवाय वापरलेला व्हिडिओ

महोदय,

यंदा पावसाळ्यात आम्ही आपल्या कंपनीकडून स्वयंपाकघराचे नूतनीकरण करून घेतले. जुना ओटा फोडणे, नवा ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटे, सिंक, फरशी, वायरिंग आणि राडारोडा उचलून नेणे, असे सगळेच काम आपल्याकडे होते. कामाच्या तक्रारी मी वेळोवेळी आपल्या साइट सुपरवायझरना सांगितल्या, नंतर ऑफिसात फोन करूनही सांगितल्या. दर वेळी उत्तर एकच: "मॅडम, तुम्ही तर किती मजेत घेताय! बाकीचे क्लायंट भांडतात." आता आपल्या जाहिरातीत आमच्याच घरातला व्हिडिओ 'आनंदी ग्राहक' म्हणून फिरतो आहे. म्हणून हे पत्र.

आम्ही हसत होतो, हे खरे आहे. का हसत होतो, ते आधी सांगते.

ओटा फुटला त्या दिवसापासून फ्रिज हॉलमध्ये, डबे पलंगाखाली आणि स्वयंपाक बाथरूमच्या दाराशी होता. पाइपचा गॅस कंपनीच्या माणसाने येऊन बंद करून दिला होता, म्हणून इंडक्शन शेगडी आणली. 2000 वॅटची शेगडी पूर्ण आचेवर जवळपास 9 अँपिअर ओढते आणि खोल्यांमधले साधे सॉकेट 6 अँपिअरचे असतात. 16 अँपिअरचा मोकळा पॉइंट घरात एकच होता, वॉशिंग मशीनचा, तो बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. तिथे स्टुलावर शेगडी मांडली. पितळी पातेली आणि अॅल्युमिनियमची कढई तिच्यावर चालेनात, तेव्हा तुळशीबागेत जाऊन बुडाला चुंबक चिकटतो की नाही ते पाहून नवी पातेली आणली. पोळ्या रोज पोळीभाजी केंद्रातून येत होत्या.

अशा वेळी एकमेकांवर खेकसत राहायचे नसेल तर हसावे लागते. मुलीने नियम केला की आंघोळीला जाणाऱ्याने जाताना भाजी हलवायची आणि बाहेर येताना मीठ बघायचे. आमच्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. नारायण पेठेतल्या वाड्यात एका खोलीत त्यांनी नऊ माणसांचा संसार केला. त्या शेगडीपाशी बसून म्हणाल्या, "तेव्हा मोरीशेजारी चूल होती, आता पुन्हा मोरीशेजारीच आले. मधली साठ वर्षं उगाच चालले गं." त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. त्या हसण्यावर आम्ही ते महिने काढले आणि आजही मला त्याचा अभिमान वाटतो.

मुलीने फ्रिजवर एक तक्ताही चिकटवला होता, 'आजचे कारण' नावाचा. काम का बंद आहे याचे सुपरवायझरनी दिलेले कारण ती रोज तारखेसह त्यात लिहायची. ग्रॅनाइटचा टेम्पो खंबाटकी घाटात बंद पडला, हे कारण त्यात पुन्हा पुन्हा येते. सुताराच्या गावी लग्न आहे, हेही आहे, आणि त्यापुढे सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "चातुर्मासात? मुहूर्त कुठला?" आपले सुपरवायझर तक्ता वाचून मनापासून हसले, त्याच्यासोबत त्यांनी फोटोही काढून घेतला. तो तक्ता या पत्राला जोडला आहे. आम्ही तो गंमत म्हणून लिहिला, पण त्यातली प्रत्येक तारीख खरी आहे आणि पुरावा म्हणून मी तो कुठेही दाखवू शकते.

करारात काम 45 दिवसांत, गणपतीपूर्वी, असे स्पष्ट लिहिले आहे. ते मी मुद्दाम लिहून घेतले होते, कारण आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. आवाहनाच्या दिवशी गौरींना घरभर फिरवतात, धान्य दाखवतात, दूधदुभते दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात. यंदा तिथे सिमेंटची पोती आणि अर्धी लागलेली फरशी होती. सासूबाई मुखवटा हातात घेऊन उंबऱ्याशी थांबल्या आणि तशाच मागे वळल्या. तेव्हा घरात कुणीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याला पुरणपोळी आणि सोळा भाज्या करायच्या होत्या. आम्ही फार कर्मठ नाही, पण गौरीचा नैवेद्य बाथरूमच्या दाराशी शिजवायचा नाही, एवढे तर कुणीही पाळेल. समोरच्या फ्लॅटमध्ये पुरण शिजले, खालच्या मजल्यावर भाज्या झाल्या. शेजारणींनी आपल्या घरचे सण सांभाळून आमच्यासाठी ओटे मोकळे करून दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुरण मात्र गरम असतानाच वाटावे लागते, म्हणून ते जिन्यातून झाकून आणायचे आणि हॉलमध्ये इस्त्रीच्या टेबलाला पुरणयंत्र आवळून वाटायचे, असे चालले होते. टेबल डुगडुगत होते, मुलगी त्याचे पाय धरून खाली बसली होती आणि सासूबाई हँडल फिरवताना हसत होत्या. तेवढ्यात आपले डिझायनर आले. सणाच्या दिवशी घरी आलेला मुलगा म्हणून आम्ही त्यांना ताट वाढले. त्यांनी फोनवर चित्रण केले, तेव्हा 'आठवण म्हणून' असे सांगितले होते.

तेच चित्रण आज आपली जाहिरात झाले आहे. आपल्याबरोबर नूतनीकरणसुद्धा आनंदाचे होते, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. त्या दिवशी आमच्याकडे ओटा नव्हता, नळ नव्हता, गॅस नव्हता. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत असे सांगितले आहे की जाहिरातीत एखाद्याचा अभिप्राय वापरायचा तर तो त्या व्यक्तीचे खरे मत असला पाहिजे. आमचे मत आपण कधी विचारलेच नाही. सासूबाईंना मी व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तुम्हा पोरींसाठी हसत होते. या कंपनीसाठी नाही." यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आता कामाविषयी. सगळ्यांत गंभीर बाब सिंकखालच्या कपाटाची आहे. करारात त्या युनिटला आयएस 710 (भारतीय मानकाचा क्रमांक) मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, लिहिले आहे आणि बिलात तसाच दर लावला आहे. काम संपून थोडे दिवस झाले नाहीत तोच कपाटातून कुबट वास येऊ लागला. प्लंबरला बोलावले. सिंकच्या सांडपाण्याच्या नळीचा जोड सैल होता आणि पाणी थेंबथेंब मागे झिरपत होते. त्याने मागची फळी काढून बाहेर ठेवली. खालच्या बाजूची पट्टी सुटून लोंबत होती आणि कड भिजलेल्या खारीसारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटली होती. नख लावले तर थर हातात आला. फळीच्या मागच्या बाजूला लॅमिनेटच लावलेले नव्हते, त्यामुळे प्लायवरचा शिक्का स्वच्छ दिसला: आयएस 303, एमआर. मी त्याचे फोटो जोडले आहेत आणि फळी जपून ठेवली आहे.

या दोन शिक्क्यांत किती अंतर आहे ते आपल्याला मी सांगायला नको, पण लिहून ठेवते. 710 च्या प्लायचा जोड 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही ते तपासले जाते. एमआर प्लाय हवेतला दमटपणा सोसण्यापुरता असतो, तो कपड्यांच्या कपाटाला चालेल. सिंकखाली तो लावायचा नसतो, हे रविवार पेठेत बोहरी आळीतल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याने एका वाक्यात सांगितले असते. लॅमिनेट लागले की आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. ज्याचे सगळे झाकले जाते त्या कामात तर शब्द अधिकच पाळायला हवा. बाकीच्या कपाटांत कोणता प्लाय आहे, याची आता मला खात्री उरलेली नाही.

दुसरी बाब ओट्याच्या उंचीची. आम्ही दोघी ठेंगण्या. आपल्या डिझायनरनी सासूबाईंना आणि मला उभे करून, कोपरापासून माप घेऊन 32 इंच उंची ठरवली होती. नकाशावरही तीच आहे. प्रत्यक्षात ओटा साडेचौतीस इंचांचा झाला. विचारले तेव्हा "फॅक्टरीतून स्टँडर्ड साइज येतो" असे सांगण्यात आले. भाजी चिरताना चालून जाते, पण पोळी लाटताना जोर वरून खाली द्यावा लागतो. अडीच इंचांनी काय होते ते दहा पोळ्या लाटल्यावर खांदे सांगतात. सासूबाई अजून रोज स्वतःच्या दोन भाकऱ्या स्वतः थापतात, त्यांच्या हट्टाने आणि आमच्या आनंदाने. नव्या ओट्यावर त्यांना ते जमत नाही. ज्या बाईचे माप घेतले तिलाच ओटा वापरता येत नसेल, तर ते माप कशासाठी घेतले?

ग्रॅनाइटला ढाळ सिंककडे हवा होता, तो भिंतीकडे दिला गेला आहे. ओटा धुतला की पाणी शेगडीच्या मागे साचते. वरच्या एका कपाटाचे दार दुसऱ्याला घासते, ते बिजागरीचे स्क्रू फिरवून बसेल असे वाटते. राडारोड्याची पोती आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोडून दिलीत. ती उचलायला आलेल्या टेम्पोवाल्याने नदीकाठी टाकून येतो म्हटले, तेव्हा आमच्या यांनी त्याला परत पाठवले आणि महापालिकेच्या व्यवस्थेतून स्वतःच्या खर्चाने माल हलवला. मुठेत आमच्या जुन्या ओट्याचे दगड जायला नकोत, एवढे तरी आम्हाला करता आले. त्या खर्चाची पावती जोडली आहे.

एक गोष्ट आवर्जून लिहिते. आपल्या गवंड्याबद्दल, फरशी बसवणाऱ्याबद्दल आणि सुतारांबद्दल माझी तक्रार नाही. मिळालेल्या मालात त्यांनी नेटके काम केले. फरशीचे सांधे इतके सरळ आहेत की पाहणारे विचारतात, कुणी बसवली. माल वेळेवर येत नसे तेव्हा ती माणसे आमच्या जिन्यात बसून राहत आणि त्यांचा रोज बुडत असे. तक्त्यातल्या 'लग्ना'बद्दल विचारले तेव्हा सुतार म्हणाला की त्याच्या गावी कुठलेही लग्न नव्हते, त्याला दुसऱ्या साइटवर पाठवले होते. या पत्रामुळे त्याच्यावर कारवाई झाली तर मला ते अजिबात पटणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. तो व्हिडिओ सर्व ठिकाणांहून ताबडतोब काढावा आणि काढल्याचे लेखी कळवावे. सिंकखालचे पूर्ण युनिट करारातल्या प्लायमध्ये नव्याने करून द्यावे, आणि बाकीच्या प्रत्येक कपाटाची एक फळी माझ्यासमोर खोलून शिक्का दाखवावा. ओटा ठरलेल्या उंचीवर आणावा व ढाळ दुरुस्त करावा. तो उतरवताना ग्रॅनाइट तडकले तर तो खर्च आपला. राडारोड्याचा आमचा खर्च परत करावा. शेवटचा 10 टक्के हप्ता आम्ही रोखून धरला आहे. काम पुरे झाल्याच्या दिवशी तो मिळेल, एक दिवसही उशीर होणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपल्या करारात वाद फक्त परगावच्या न्यायालयात चालेल असे कलम आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आमचे बिल त्याच्या आत आहे, आणि कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 साली याच शहरात सुरू झाली. यांच्या वडिलांनी तिच्या बैठका पाहिलेल्या आहेत, त्यामुळे आमच्या घरात बिले, करार आणि पावत्या फेकून देण्याची पद्धत नाही.

मला आयोगात जायची हौस नाही. स्वयंपाकघर ठरल्याप्रमाणे व्हावे आणि सासूबाईंना त्यांची भाकरी थापता यावी, एवढेच मला हवे आहे.

नव्या युनिटचा प्लाय फॅक्टरीतून थेट लॅमिनेट लावून पाठवू नये. कोऱ्या फळ्या आधी घरी आणाव्यात. प्रत्येक फळीवरचा शिक्का पाहून, फोटो काढून, त्यामागे तारीख टाकून मी सही करेन, त्यानंतरच त्यावर लॅमिनेट चढवावे.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे