पीक उशिरा आलं की कॉलमच्या नावाने बोटं मोडू नका

मा. संपादक,

परवा तुमच्या पेपरात केमिस्ट्रीवाल्या पोरांना फार्मात किती संधी आहेत ते वाचलं, छानच आहे, पण बावीस वर्षं क्यूसीत (औषधांची गुणवत्ता तपासणारा विभाग) एचपीएलसीसमोर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) काढली म्हणून एक गाऱ्हाणं मांडतो. नवीन पोरं सॉफ्टवेअर झकास चालवतात, पण या कॉलममध्ये (घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी) मोबाइल फेज (पंप त्यातून ढकलतो तो द्रव) मावतो किती असं विचारलं की एकमेकांकडे बघतात.

मागच्या पावसाळ्यात एकजण धावत आला, सर कॉलम गेला, पीक (शेतातलं नव्हे, घटक बाहेर पडला की आलेखावर उठतो तो उंचवटा!) रोज ६.२ मिनिटांना येतं ते आज ६.९ ला आलंय, नवीन कॉलम मागवू का. म्हटलं थांब जरा, आधी १० एमएलचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क वेस्ट लाइनखाली (वापरलेला द्रव बाहेर सोडणारी नळी) धर आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लाव. फ्लो मिनिटाला १ एमएल सेट केलेला, म्हणजे १० मिनिटांत भरायला हवा, लागली ११ मिनिटं ७ सेकंद! म्हणजे पंप ०.९ च देत होता. आता ६.९ ला ०.९ ने गुणा, आले ना तेच ६.२ एमएल. पीक बाहेर यायला लागणारा मोबाइल फेज तेवढाच, वेळ तेवढी वाढली. पंपाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये (द्रव उलटा येऊ न देणारी झडप) बबल अडकला होता, पर्ज केल्यावर (द्रव जोरात सोडून हवा काढल्यावर) पीक गुमान जागेवर.

त्याच दिवशी त्याला युरासिल नावाचा पदार्थ यंत्रात मारायला लावलं. सी-१८ कॉलममध्ये (आतल्या सिलिकावर १८ कार्बनच्या साखळ्या असलेला) ते जवळपास थांबतच नाही, म्हणून त्याची वेळ म्हणजे डेड टाइम, न थांबता कॉलम पार करायला लागणारा वेळ. १५ सेंटीमीटर लांब, ४.६ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या कॉलमची नुसती नळी धरली तर अडीच एमएल होते, पण आत सिलिका ठासलेली, त्यामुळे मोबाइल फेजला जागा उरते साधारण १.६ एमएल. युरासिल १.६ मिनिटांना आलं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. मग ६.२ मधून १.६ वजा करून १.६ ने भागलं की २.९ च्या आसपास येतं, हा रिटेन्शन फॅक्टर, म्हणजे घटक कॉलममध्ये डेड टाइमच्या किती पट अडकून राहिला ते, फ्लो कमीजास्त झाला तरी तो हलत नाही. नुसत्या मिनिटांवर भरवसा ठेवला की मग गाडी घसरते.

कॉलेजात एका प्रॅक्टिकलला कितीसा खर्च येतो हो? चिमूटभर युरासिल, एक फ्लास्क, एक घड्याळ. युनिव्हर्सिटीवाल्यांनी एवढं घालावं सिलॅबसमध्ये.

— एक क्यूसीवाला, बोईसर