स्लॅब टाकण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, "यंदा कौलं उतरवून स्लॅबच टाकून घेतो" असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा मी नुसतं "हं" केलं. तुमच्या शेजारी मिस्त्री बोलत होता, त्याच्यासमोर वाद नको म्हणून. तो होकार नव्हता.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, डोक्यावर स्लॅब घेऊन. काल रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली. हवा २७ अंशांवर आणली होती, भिंती आणि छत मात्र सरासरी ३५ दाखवत होते. शरीराला हवा आणि भोवतालच्या भिंती या दोन्हींचा साधारण मध्य जाणवतो, म्हणजे मला ३१च्या आसपास. एसीचा आकडा कमी करूनही तगमग का होते, ते तेव्हा कळलं. पाच इंची स्लॅबमधून दुपारचं ऊन तीन-चार तासांत आत उतरतं, म्हणजे नेमकं संध्याकाळी आपल्या डोक्यावर.

आपल्या माजघराच्या भिंती दीड फुटाच्या. दुपारची झळ त्यातून आत यायला दहा-बारा तास घेते आणि तोवर बाहेर गारवा पडलेला असतो. वर माळा आहे, त्यामुळे तापलेली कौलं थेट अंगावर येत नाहीत. पडवीत माळा नाही, तिथे दुपारी कसं होतं ते आई जाणते. गरम हवा फटींतून वर निघून जाते, ते वेगळंच.

इजिप्तचे वास्तुकार हसन फतही यांच्याबद्दल वाचलं. १९६४ साली कैरोत मातीच्या विटांची आणि काँक्रीटच्या तयार पातळ फलकांची अशा खोल्या शेजारी-शेजारी बांधून मोजमाप केलं होतं. मातीच्या खोलीतलं तापमान दिवसभरात दोनेक अंशच हललं. काँक्रीटची खोली दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही तापली.

मला जुन्या घराचं कौतुक सांगायचं नाही. अंधार आहे, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि रात्रीसुद्धा हवा गार होत नाही अशा दिवसांत जाड भिंत उलट उष्णता धरून बसते. बाबांनी या वयात कौलं परतायला छपरावर चढावं, हे तर मुळीच पटत नाही. तुमचा वैताग गळतीचा आहे, घराचा नाही. मग गळतीचंच बघूया ना. कुजलेले वासे-रिपा बदलायच्या, कौलांखाली फळ्या ठोकून त्यावर पाणी अडवणारा थर टाकायचा, म्हणजे दरवर्षी चढायला नको. मागच्या स्वयंपाकघरावर स्लॅब हवाच असेल तर टाका, पण वरून पांढरा रंग देऊन घ्या.

आणि एक, मिस्त्री मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा म्हणेल. नको. आतली ओल बाहेर निघत नाही, मग गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि मागची माती भुसभुशीत होते.

आई, तू माझ्याकडे आलीस तेव्हा एसीत शाल पांघरून बसायचीस आणि मी तुला हसायचे. उघड्या खिडक्यांच्या घरात राहणाऱ्यांना उन्हाळ्यात एसीपेक्षा जास्त तापमानच बरं वाटतं, हे आता इमारतींच्या मानकांतही धरलं जातं. म्हणजे खोड तुझी नव्हती. पण वय वाढलं की घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते. तुम्हा दोघांना दुपारी तापणाऱ्या खोलीत ठेवून मला इथे झोप लागणार नाही. दिवसा खिडक्या लावून रात्री उघडायची तुझी पद्धत चालू ठेव. बाबा पंखा लावून दुपारी खिडकी सताड उघडतात, त्यांना सांग.

शनिवारी येते, थर्मामीटर घेऊन. तोवर मिस्त्रीला एकही कौल उतरवू देऊ नका. छपरावर मी चढेन, बाबांनी फक्त शिडी धरायची.

तुमची लेक